शेतावरील वेल्डिंगचे सिलिंडर : मालकी, भराई आणि वाहतूक

ऐन हंगामात रोटाव्हेटरचे पाते तुटले किंवा ट्रॉलीचा सांधा निखळला, की तालुक्याच्या गावी खेपा घालण्याइतकी उसंत शेतकऱ्याला नसते. त्यामुळे अनेक शेतांवर वीज-वेल्डिंगच्या यंत्राशेजारी आता गॅस-कटिंगचे दोन सिलिंडरही दिसू लागले आहेत : काळा ऑक्सिजनचा आणि मरून रंगाचा ॲसिटिलीनचा. ते बाळगणे बेकायदेशीर नाही. गॅस सिलिंडर नियम, २०१६ अन्वये एवढ्या अल्प साठ्याला परवाना लागत नाही. मात्र परवान्यातून सूट म्हणजे सर्वच नियमांतून सूट, हा समज चुकीचा आहे.

सिलिंडर बहुधा पुरवठादाराच्याच मालकीचा असतो आणि अनामत व भाडे घेऊन दिला जातो. स्वतःचा विकत घ्यायचा असल्यास त्याच्या खांद्यावर कोरलेली चाचणीची तारीख आधी वाचावी. ऑक्सिजनच्या सिलिंडरची दाब-चाचणी दर ५ वर्षांनी करावी लागते; मुदत उलटलेला सिलिंडर भरता येत नाही. स्वस्तात मिळालेला जुना सिलिंडर म्हणूनच पुष्कळदा महाग पडतो.

भराई परवानाधारक केंद्रातच व्हावी. मोठ्या सिलिंडरमधून लहान सिलिंडरमध्ये वायू उतरवून घेण्याचा खटाटोप कोणीही घरी करू नये. स्वयंपाकाचा १४.२ किलोचा सिलिंडर कटिंगसाठी जोडणेही नियमबाह्य आहे. एलपीजी वापरायचा असेल, तर व्यावसायिक सिलिंडरच घ्यावा.

खरी कसोटी लागते ती वाहतुकीत. ऑक्सिजनच्या नेहमीच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर वायू १५० बारच्या आसपास दाबाने कोंडलेला असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या साठ-सत्तर पट दाबाने. तो पडून व्हॉल्व्ह तुटला, तर पन्नास किलोंहून जड असे ते पोलाद अग्निबाणासारखे सुटते. म्हणूनच भरलेला सिलिंडर सायकल वा मोटारसायकलवरून नेण्यास नियमाने सक्त मनाई आहे, मग अंतर कितीही कमी असो. चारचाकीतही तो बाजूंबाहेर डोकावता कामा नये, घट्ट बांधलेला असावा आणि त्यावर टोपी असावी. सोबत डिझेलचा कॅन नसावा. ज्वलनशील वायूचा सिलिंडर इतर वायूंच्या सिलिंडरसोबत नेऊ नये, असेही नियम सांगतो. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन एकाच फेरीत आणण्याची सवय त्यामुळे नियमात बसत नाही. दोन फेऱ्यांचा भुर्दंड जाचक वाटतो, हे खरे. त्यापेक्षा शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून पुरवठादाराच्या गाडीने सिलिंडर घरपोच मागवणे सोयीचे.

घरी आणल्यावर दोन्ही सिलिंडर सावलीत, हवेशीर जागी, एकमेकांपासून दूर आणि साखळीने बांधून उभे ठेवावेत. ॲसिटिलीन ॲसिटोनमध्ये विरघळवलेला असतो. सिलिंडर आडवा ठेवून वापरल्यास वायूबरोबर ॲसिटोनही बाहेर येते. ट्रॅक्टरखालून निघालेल्या ग्रीसच्या हातांनी ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला स्पर्शही करू नये, कारण दाबाखालील ऑक्सिजनमध्ये तेलकट पदार्थ ठिणगीविनाही पेट घेतो. फिरत नसलेल्या व्हॉल्व्हवर तेल सोडण्याचा शेतावरचा नेहमीचा उपाय येथे जिवावर बेतू शकतो. असा सिलिंडर तसाच पुरवठादाराकडे परत पाठवावा. गळतीची शंका आल्यास साबणाच्या पाण्याने तपासावे, काडी पेटवून कधीही नव्हे.

सिलिंडर पूर्ण रिता होऊ देऊ नये. थोडा दाब शिल्लक असतानाच व्हॉल्व्ह बंद करून टोपी लावावी, म्हणजे बाहेरची हवा आणि दमटपणा आत शिरत नाही.