उत्तराआधीच्या पायऱ्या



गृहपाठाच्या वहीत पुष्कळदा वर उदाहरण, खाली उत्तर आणि मधली जागा मोकळी! पुस्तकामागचे उत्तर जुळले की गणित सुटले, अशी आपली समजूत. पण परीक्षेत एक आकडा बदलला की गाडी अडते. म्हणून आज एकच उदाहरण पायरीपायरीने सोडवू या.

मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळ्याच्या उत्तरेला सोनगीर आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. समजा, तिथल्या तांबटाजवळ ३०० पाय, म्हणजे सुमारे ९४२ चौरस इंच पत्रा आहे. त्याचे बिनझाकणाचे, सरळ भिंतीचे गोल भांडे करायचे. पाणी जास्तीत जास्त मावावे, तर आकार कसा ठेवावा? तळ फार रुंद केला तर परात होते, भिंत फार उंच केली तर नळकांडे. दोन्हींत पाणी थोडेच.

पहिली पायरी नावांची. त्रिज्या त, उंची उ.

दुसरी पायरी, दिलेली माहिती मांडायची. तळ व भिंत यांची बेरीज करून पाय दोन्हीकडून काढला, की त² + २तउ = ३००. म्हणून उ = (३०० − त²) ÷ २त.

तिसरी पायरी. घनफळ म्हणजे पाय × त² × उ. उ ची किंमत घातली, की (पाय ÷ २) × (३००त − त³). दोन अज्ञातांचे एकच उरले. इथवर बीजगणित.

चौथी पायरी कलनाची. त वाढवत नेला तर घनफळ आधी चढते, मग उतरते. अगदी माथ्यावर त्याच्या बदलाचा वेग शून्य असतो. म्हणून ३०० − ३त² = ०, त² = १००, त = १०. उणे १० हेही मूळ आहे. पण तसले भांडे कोण ठोकणार? उंचीही १०च येते.

पाचवी पायरी पडताळ्याची. हीच आपण गाळतो! त्रिज्या ९ घेतली तर घनफळ ९८५.५ पाय, ११ घेतली तर ९८४.५ पाय, आणि १० ला पुरते १००० पाय.

गणिताची ही परंपरा खानदेशाला परकी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ स्थापिला. सन १२०७ची ही गोष्ट. मठ कशासाठी? नुसती उत्तरे पाठ करायला मठ लागत नाही. रीत समजून घ्यायला गुरू लागतो.

आता तुमचा गृहपाठ. गोल तळ चौरस तुकड्यातून कापला, तर चार कोपरे वाया जातात. त्यांचाही पत्रा हिशेबात धरा, म्हणजे तळासाठी ४त². आता उंची त्रिज्येएवढी राहील का? उत्तर मी सांगत नाही. पायऱ्या तुम्हाला ठाऊक आहेत.