घोडा आहे, गहू नाही

साठेक रेघांचं एक चिनी अक्षर दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरत येतं. सोबतचा मजकूर ठरलेला: अक्षर दोन हजार वर्षांपूर्वीच्या सम्राटाच्या काळातलं, उच्चार ‘बियांग’, आणि त्यातल्या प्रत्येक चित्रात गूढ अर्थ. मी दर वेळी खुलासा करते, दर वेळी उत्तरादाखल हात जोडल्याची चित्रं येतात, आणि पुन्हा तेच अक्षर.

आधी वय. सम्राट कांगशीच्या आज्ञेने १७१६ साली पूर्ण झालेल्या शब्दकोशात ४७ हजारांहून अधिक अक्षरं आहेत, कुणी क्वचितच लिहिली असतील अशीसुद्धा. हे त्यात नाही. दोन हजार वर्षं चालत आलेलं अक्षर नेमकं त्या कोशकारांच्या नजरेतून सुटलं म्हणायचं?

आता अर्थ. चीनमधल्या शियान परिसरात कमरपट्ट्याएवढ्या रुंद नूडल्स करतात. त्यांच्या नावात हे अक्षर दोनदा येतं; त्यापलीकडे त्याला काम नाही. ते सोडवून पाहा: वर गुहा, मधे ‘बोलणे’, त्याखाली घोडा, घोड्याच्या दोन्ही बाजूंना ‘लांब’, डावीकडे चंद्र, उजवीकडे सुरी, खाली हृदय, शिवाय सगळ्यांना खालून कवेत घेणारं ‘चालणे’. गव्हाचा दाणा मात्र कुठेही नाही! घोड्यात गूढ अर्थ शोधणाऱ्यांनी ‘आई’चं चिनी अक्षर पाहावं. तिथेही स्त्रीशेजारी घोडा आहे. का? घोडा म्हणजे ‘मा’, आई म्हणजेही ‘मा’. फरक फक्त सुराचा. घोडा तिथे उच्चार सांगायला उभा आहे. बहुसंख्य चिनी अक्षरं अशीच, एक भाग अर्थाचा आणि एक उच्चाराचा, बनली आहेत.

उच्चार ‘बियांग’ही नाही. चिनीच्या रोमन लेखनातला ‘बी’ म्हणजे आपला ‘प’. तोंडासमोर तळहात धरून ‘पान’ म्हणा, हवेचा झोत लागत नाही. तोच हा ‘प’. म्हणून ‘प्यांग’. प्रमाण चिनीत असा उच्चारच नाही, तो शियानकडच्या बोलीतला. कणकेची पट्टी ओट्यावर आपटताना होणारा हा आवाज, असं तिथले लोक सांगतात.

किरकोळ गैरसमज:

‘सर्वांत जास्त रेघांचं अक्षर.’ चार ड्रॅगन मिळून झालेल्या एका अक्षरात ६४ रेघा आहेत. अर्थ: वाचाळ.

‘संगणकावर लिहिता येत नाही.’ मार्च २०२०मध्ये ते युनिकोडमध्ये आलं.

‘प्रत्येक चिनी मुलाला यावंच लागतं.’ चीनच्या २०१३च्या अधिकृत यादीत ८,१०५ अक्षरं आहेत. त्यांत हे नाही.

खानावळीच्या पाटीवरचं अक्षर म्हणून त्याचं जरूर कौतुक करा. फक्त सम्राटाला त्यातून वगळा.