दवाखाना निवडताना नोंदणीही विचारा

आपल्या जऊळका गावाहून बाळंतपणासाठी किंवा ऑपरेशनसाठी मालेगाव, वाशिम, अकोल्याच्या खासगी नर्सिंग होमची वाट धरताना आपण डॉक्टरांचं नाव विचारतो, नर्सिंग होमची नोंदणी विचारत नाही. ती विचारावीच. नर्सिंग होम नोंदणीच्या १९४९च्या कायद्यानं ती बंधनकारक आहे. त्याच कायद्याखालच्या २०२१च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही दर्शनी भागात लावावं लागतं. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो रात्रीचा प्रश्न: दोन वाजता वॉर्डात प्रशिक्षित नर्स असते का, डॉक्टर किती मिनिटांत येतात? आगीचा धोकाही विसरू नका. ९ जानेवारी २०२१ला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. म्हणून अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र मागा, बाहेर पडायची दुसरी वाट स्वतः चालून पाहा. तिथे मोडक्या खाटा रचलेल्या असतील, तर दुसरं रुग्णालय शोधा.