हेडर लावलेल्या गाडीचे प्लग बदलताना

चाकणच्या कारखान्यात 2021पासून तयार होणाऱ्या फोक्सवॅगन टायगुनच्या 1.0 टीएसआय इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेलं असतं. त्यामुळे मॅनिफोल्डच्या जागी बाहेरचा हेडर चढवण्याचा प्रश्नच येत नाही. स्पार्क प्लगही वर, इग्निशन कॉइलखाली सरळ हाताशी येतात.

खरी अडचण ज्या इंजिनांत प्लग एक्झॉस्टच्या बाजूला असतात तिथे येते. बाजारातून आणलेल्या हेडरचे लांब, वळणदार नळ नेमके प्लगच्या तोंडासमोरून जातात. पाना सरळ बसत नाही, तिरका लागला की प्लगची चिनीमाती तडकते. अशा वेळी आखूड सॉकेट आणि वाकणारा जोड वापरावा. तरीही जागा नसेल तर हेडर सैल करावा, पण जबरदस्ती करू नये.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं. गरम अॅल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे सोलले जाण्याचा धोका असतो, आणि ती दुरुस्ती प्लगच्या किमतीच्या कित्येक पट महाग पडते. नवा प्लग आधी बोटांनीच फिरवावा. 14 मिमीचा वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा ते दोनतृतीयांश फेरा पुरतो.

शेवटी प्लगची वायर आणि रबरी टोपी नळाला टेकत नाही ना, ते पाहा. टेकत असेल तर उष्णतारोधक आवरण चढवल्याशिवाय गाडी सुरू करू नका.