विळा, कोयता आणि तो धरणारा हात

कापण्याच्या हत्यारांत सुधारणा म्हटली की सामान्यतः आपल्याला धार आठवते. धार महत्त्वाची खरीच. परंतु कोणतेही हातातले हत्यार तीन गोष्टींचे बनलेले असते. पात्याचा धातू, धारेची घडण आणि मूठ. यांपैकी पहिल्या दोहोंकडे माणसाने पुष्कळ लक्ष पुरवले. तिसऱ्या गोष्टीला, म्हणजे मुठीला आणि ती धरणाऱ्या हाताला, शास्त्राचा विचार लाभला तो अगदी अलीकडे. असे का झाले आणि आता काय व्हावे, याची फोड येथे करण्याचा आमचा विचार आहे. आम्ही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. कष्टकऱ्यांच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर जे शिकायला मिळाले, त्यावरच आमची भिस्त आहे.

मानोऱ्यासारख्या गावी हा विषय निव्वळ कुतूहलाचा नाही. सोयाबीन सोंगायला आले की तालुक्यातल्या वावरांत टोळ्याच्या टोळ्या वाकलेल्या दिसतात. डाव्या हातात झाडांची मूठ, उजव्या हातात विळा, आणि दोहोंमध्ये वीतभर अंतर. विळा निसटला की सापडतात ती डाव्या हाताची बोटे. काम बहुधा एकराच्या गुत्त्याने असते. म्हणून हात थांबला की कमाई थांबली. एवढ्यावरून विळ्याच्या घडणीचा आणि कुटुंबाच्या चुलीचा संबंध किती जवळचा आहे, हे ध्यानात यावे.

प्रथम कापणे म्हणजे काय ते पाहू. आपण लावलेले बळ जितक्या कमी जागेवर एकवटेल तितका दाब वाढतो. धार पातळ असावी लागते ती याचसाठी. पण नुसते दाबणे पुरत नाही. पिकलेला टमाटा वरून दाबला तर फुटतो, तेच पाते ओढून चालवले तर त्याची फाक निघते. विळ्याचा बाक ही नुसती शोभा नव्हे. तो ताटांना निसटू न देता कवेत घेतो, आणि ओढताना धार ताटावरून तिरपी सरकत जाते. आपल्या वऱ्हाडातली घरोघरची पावशी याच तत्त्वावर चालते. तिथे पाते पायाखाली स्थिर असते आणि भाजी दोन्ही हातांनी त्याच्यावर ढकलली जाते. पाते हलत नसल्यामुळे ते कुठे आहे हे हाताला सतत ठाऊक असते.

आता थोडे मागे जाऊ. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वस्तीत गारगोटीच्या जातीच्या दगडाची छोटी पाती विपुल सापडली. अशी पाती लाकडाच्या खोबणीत ओळीने बसवून कापण्याचे हत्यार करण्याची रीत जगात फार जुनी आहे. एक पाते तुटले तर तेवढेच बदलायचे, बाकीचे हत्यार शाबूत राहते.

लोखंडाच्या बाबतीत तर आपल्या विदर्भाला अभिमान वाटावा असा पुरावा आहे. नागपूरजवळच्या टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड येथील महापाषाणीय शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे सातव्या शतकाचा. या कुऱ्हाडींतल्या काहींचा विशेष असा की, सपाट पाते दांड्याला घट्ट राहावे म्हणून त्यावर लोखंडी पट्ट्यांची फुलीसारखी आडवीतिडवी बांधणी केलेली आहे. कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून उडाले तर काय अनर्थ होतो, हे त्या लोहाराला माहीत होते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या विदर्भातली ही सुधारणा धारेची नव्हती. पाते आणि दांडा यांच्या जोडाची होती.

पुढची मोठी वाटचाल पोलादाची. आपल्याकडचे लोहार आणि गावोगाव फिरणारे घिसाडी मोटारीचा जुना कमानपाटा घेऊन विळे-कोयते घडवतात. कमानपाटा हे मुळातच चांगले पोलाद असते. लाल तापवलेले पाते पाण्यात बुडवले म्हणजे ते कडक होते, पण ठिसूळही होते. मग त्याला बेताची आच देऊन ठिसूळपणा काढून टाकायचा. यालाच आपण धारेला पाणी पाजणे म्हणतो. पाणी जास्त झाले तर धार दगडावर आपटून टवका उडतो, कमी झाले तर धार मुडपते. घिसाडी हा अंदाज तापल्या पात्याचा रंग पाहून करतो. तापमापक यंत्राशिवाय चालणारी ही विद्या आहे, आणि ती अडाणीपणाची खूण मानणे हाच खरा अडाणीपणा होय.

न गंजणाऱ्या पोलादाचा शोध इंग्लंडातील शेफील्ड शहरात १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली याने लावला. हा मनुष्य पोलाद वितळवणाऱ्या मजुराचा मुलगा. बाराव्या वर्षी शाळा सुटली, पुढे प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे काम मिळाले, आणि तेथेच पाहता पाहता तो धातुशास्त्र शिकला. बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात, त्यावर उपाय शोधताना सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद त्याच्या हाती आले. हे सुऱ्यांना उत्तम, असे त्याला वाटले. परंतु कारागिरांनी जुन्या सवयीने त्याला कमी तापवून पाणी पाजले. धार बसेना, आणि न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक अशी त्याची थट्टा झाली. या पोलादाला अधिक आच लागते हे उमगल्यावर मात्र त्या सुऱ्या जगभर गेल्या. नवा धातू आला की कारागिराला नवी रीत शिकवावी लागते, हा त्यातला धडा.

याच शेफील्डची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फ्रेडरिक एंगेल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात तेथील एका डॉक्टरचा दाखला दिला आहे. कोरड्या दगडावर धार लावणाऱ्या कामगारांचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षांचे असे, आणि ओल्या दगडावर काम करणाऱ्यांचे क्वचितच ४५ च्या पुढे जाई. दगडाची आणि लोखंडाची धूळ त्यांची फुप्फुसे खात असे. जगाच्या जेवणाच्या टेबलावर चकाकणाऱ्या सुऱ्यांची खरी किंमत अशी मोजली गेली होती. आजही बाजारात कोरड्या चाकावर धार लावणारा माणूस दिसला, तर त्याच्या नाकातोंडावर फडके आहे की नाही तेवढे आपण पाहावे.

आता दातेरी विळ्याकडे वळू. दात्यांच्या टोकांवर बळ एकवटते, त्यामुळे ताट घसरत नाही. आणि दोन दात्यांमधल्या खाचेतली धार लवकर बोथट होत नाही. कोकणातल्या भातकापणीसाठी दापोलीचे कृषी विद्यापीठ अशा वैभव विळ्याची शिफारस करते. त्याने जमिनीलगत कापणी होते, आणि बुडख्यात दडलेल्या खोडकिड्याचाही बंदोबस्त होण्यास मदत होते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने ‘नवीन’ नावाचा दातेरी विळा तयार केला. त्याच्या लाकडी मुठीला मागच्या बाजूस बाक दिला आहे, तो पकड नीट बसावी आणि हाताला इजा होऊ नये म्हणून.

परंतु एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. साधा विळा झटक्याने चालतो, दातेरी विळा ओढून चालवायचा असतो. जुन्या सवयीने झटके मारले तर नव्या विळ्याचा लाभ मिळत नाही, उलट मनगट दुखते. शिवाय त्याला घरच्या दगडावर धार लावता येत नाही. आणि तुरीच्या जाड, लाकडासारख्या बुडाला तो अपुरा पडतो. तेथे वजनदार पातेच हवे. एका हत्याराने सगळी पिके निघत नाहीत.

मुठीचा प्रश्न खरा अवघड आहे, कारण मूठ माणसागणिक बदलते. सोंगणीला बाया मोठ्या संख्येने असतात, आणि विळा मात्र बहुधा पुरुषाच्या पंजाच्या अंदाजाने केलेला असतो. मूठ फार जाड असली तर बोटे वळत नाहीत आणि पकड राखायला जास्त जोर लागतो. फार बारीक असली तर ती हातात फिरते. भोपाळच्या वरील संस्थेने देशभरातल्या शेतकामगार स्त्री-पुरुषांच्या शरीराची ७९ आणि ताकदीची १६ मापे गोळा करून २००९ मध्ये प्रसिद्ध केली. विलायती माणसाच्या मापावर आपली अवजारे का करावीत, या प्रश्नाचे ते उत्तर होते. ही मापे ग्रंथात आली. ती लोहाराच्या ऐरणीपर्यंत यायला हवीत.

तोवर विळा घेताना प्रत्येकाने चार गोष्टी पाहाव्यात. मूठ धरल्यावर अंगठ्याने पहिल्या बोटाचे टोक सहज झाकले जावे. मुठीच्या तोंडाशी साम, म्हणजे लोखंडी कडे, घट्ट बसलेले असावे. पाते झटकून पाहिले तर हलू नये. आणि घामेजल्या हातातून निसटू नये इतपत मूठ खरबरीत असावी, पण फोड येतील इतकी नव्हे.

शेवटी कोयत्याविषयी. ऊसतोडीच्या धंद्यात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दोन जिवंत माणसे हिशेबात एका हत्याराच्या नावाने मांडली जातात; त्या हत्याराच्या वजनाचा आणि मुठीचा विचार मात्र त्या हिशेबात कोठेच नसतो. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर देशात २०१४-१५ च्या हंगामात एक प्रयोग झाला. उन्हात राबणाऱ्या ऊसतोड मजुरांना मूत्रपिंडाचा विकार होत होता, म्हणून त्यांना पाणी, सावली व विसावा देण्यात आला, आणि त्याबरोबर शरीराला कमी ताण देणारा नव्या घडणीचा कोयताही. विसाव्यात वेळ जाऊनसुद्धा माणशी तोडलेला ऊस घटला नाही, वाढला. त्याचे सारे श्रेय एकट्या कोयत्याला देता येणार नाही. पण मजुराची सोय म्हणजे मालकाचे नुकसान, ही समजूत त्याने खोटी ठरवली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे. तेथे भाजीच्या मळ्यांत निंदणी-विरळणीसाठी अगदी आखूड दांड्याचे कुदळीसारखे अवजार सक्तीने वापरावे लागे, आणि दिवसभर वाकून मजुरांच्या पाठी कायमच्या जात. लांब दांड्याने काम नीट होत नाही, असे मळेवाले सांगत. मजूर कायद्याच्या लढाईत उतरले, आणि १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. तेव्हा ते अवजार बंद झाले आणि लांब दांडा आला. शेती बुडाली नाही. आपल्या बायांच्या हातातले खुरपे पाहिले म्हणजे हे उदाहरण आम्हाला वारंवार आठवते.

यावरून आमचे म्हणणे असे. चांगल्या विळ्याने दिवसाकाठी काम जास्त उरकू लागले की गुत्त्याचा दर पाडण्याचा मोह होतो. तसे झाले तर सुधारणेचा लाभ मजुराच्या हातून निसटतो, आणि तो जुन्याच विळ्याला चिकटून बसला तर त्याला हटवादी म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून सोंगणीचा दर ठरवताना हत्याराचीही बोलणी व्हावीत. विळा कोणी द्यायचा, बोथट झाला तर कोणी बदलायचा, बोट कापले तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, आणि काम लवकर उरकले म्हणून दर उतरणार नाही याची हमी कोण देणार. टोळीत बाया असतील तर मूठ त्यांनी स्वतः धरून निवडावी. वावराचे मालक असलेले आणि दुसऱ्याच्या वावरात राबणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक या व्याख्यानमालेला येतात. पुढच्या सोंगणीपूर्वी त्यांनी एकदा एकत्र बसून या चार प्रश्नांची उत्तरे ठरवावीत, एवढीच आमची विनंती आहे.