बाजाराच्या गाडीला मागचा डोळा

आठवडी बाजार करणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना गाडी पुढे नेण्याची फिकीर नसते, फिकीर असते ती मागे घेण्याची. पहाटे जागा धरायची, गाडी उलटी लावायची, मागचे दार उघडले की तेच आपले दुकान. संध्याकाळी गर्दीतून तीच गाडी पुन्हा मागे-पुढे करीत बाहेर काढायची. हा खटाटोप आम्ही पारशिवनी, रामटेक, मनसर, कन्हान, सावनेर या टापूत कित्येक वर्षे करीत आलो आहोत. इतवारी-गांधीबागेतून कापड उचलावे आणि खेड्यांच्या बाजारात विकावे, हा आमचा धंदा.

आमची गाडी म्हणजे टाटा ४०७. तिच्यावर पत्र्याची बंद बॉडी आहे. आत दोन्ही बाजूंना फळ्या, त्यांवर लुगडी, चादरी, गमछे, दुपट्टे. मधल्या वाटेत रात्री सतरंजी अंथरली की दोन माणसे झोपतात. कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याचा कॅन, वजूसाठी लोटा. विलायतेत श्रीमंत लोक अशाच गाडीतून सहली करतात आणि तिला मोटरहोम म्हणतात. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. आमचे मोटरहोम मात्र पोटासाठी फिरते. फरक इतकाच की त्यांच्या गाडीमागे हिरवळ असते आणि आमच्या गाडीमागे माणसे.

२०२३ च्या पावसाळ्यातील गोष्ट. गाडी आमचा पुतण्या चालवीत होता. मागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणणारा आमचा नोकर त्या वेळी चहा आणायला गेला होता. आम्ही केबिनमध्ये शेजारी बसून हिशेबाची वही चाळत होतो. पुतण्याने दोन्ही आरशांत पाहिले, हॉर्न दिला आणि गाडी मागे घेतली. काहीतरी फुटल्याचा आवाज झाला, मागोमाग बाईचा ओरडा. उतरून पाहतो तो भाजीवाल्या म्हातारीच्या टोपल्या चाकाखाली. आणि चाकापासून वीतभर अंतरावर, पोत्यावर, तिचा चार वर्षांचा नातू झोपलेला. त्या मुलाची झोपसुद्धा मोडली नव्हती.

आम्ही म्हातारीला म्हणालो, "बाई, जे नुकसान झाले ते सांगा, आत्ता भरून देतो."

ती म्हणाली, "टमाटर फुटले त्याचं काही नाही जी शेठजी. पोट्टं तिथंच निजलं होतं ना!"

भरपाई तर दिलीच. परंतु पुतण्याचे हात दिवसभर थरथरत होते. पुढचे दोन बाजार त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. आरसे दोन्ही स्वच्छ होते, हॉर्नही दिला होता, मग चूक कोणाची? आमच्या मते चूक आमचीच. बंद बॉडीच्या गाडीला आतला आरसा निरुपयोगी असतो आणि बाजूचे आरसे फक्त बाजू दाखवतात. मागच्या दारासमोरची जागा चालकाला कधी दिसतच नाही. हे ठाऊक असूनही आम्ही एका नोकराच्या आवाजावर भरवसा ठेवून होतो. माणसांच्या हक्कांचा हिशेब कठीण असतो, हे लहानपणी उर्दू शाळेत मौलवीसाहेबांकडून शिकलो होतो. तो धडा त्या दिवशी आठवला.

अमेरिकेतील एक कायदा या संदर्भात वाचनात आला. २००२ साली न्यूयॉर्क राज्यात एका डॉक्टरने घराच्या आवारात गाडी मागे घेतली आणि स्वतःचाच दोन वर्षांचा मुलगा, कॅमेरॉन गुलब्रान्सेन, चाकाखाली आला. त्या मुलाच्या नावाने २००८ साली तेथे कायदा झाला आणि मे २०१८ पासून सुमारे साडेचार टनांपर्यंतच्या सर्व नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीमागची १० फूट रुंद आणि २० फूट लांब जागा पडद्यावर दिसली पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत दिसली पाहिजे, असा तेथला नियम आहे. २०१४ साली हा नियम पक्का करताना तेथील सरकारने सांगितले होते की अशा अपघातांत वर्षाला सरासरी २१० माणसे मरतात, आणि त्यांतील जवळजवळ तिसरा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा असतो. आपल्या देशात जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे सेन्सर सक्तीचे झाले. पण बाजारात धावणाऱ्या आपल्या जुन्या टेम्पोंना कोण विचारतो? तेथे आपणच आपले सरकार.

आता कॅमेऱ्याची निवड. येथे आम्ही एकदा फसलो, म्हणून सविस्तर लिहितो. पहिला कॅमेरा आम्ही दुकानदाराच्या बोलण्यावर हजार रुपयांत घेतला. मोटारीच्या नंबरप्लेटवर बसणारा बारीकसा डोळा. तो बंपरजवळ लावला. एका पावसात चिखलाने माखला, दुसऱ्या पावसात आत पाणी शिरून पडदा धुरकट झाला. दुकानदाराने पावती पाहिली आणि म्हणाला, पाण्याची गॅरंटी नसते. ज्या वस्तूला आयुष्यभर गाडीच्या पाठीवर पावसात राहायचे आहे तिला पाण्याची गॅरंटी नाही! म्हणून खोक्यावर आयपी ६७ किंवा ६८ हा आकडा आहे का ते पाहावे. पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, पुढचा आकडा पाण्याचा. गाडी पाण्याच्या प्रेशरने धुणाऱ्यांनी ६९के मिळाल्यास तोच घ्यावा. दोन-चारशे रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

दुसरा कॅमेरा आमच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन मिस्त्रीच्या सल्ल्याने घेतला. मुलगा तरुण, पण हाताला सफाई आहे. तो म्हणाला, "चाचा, तुमची गाडी मोटार नाही, ट्रकचा भाऊ आहे. ट्रकचाच कॅमेरा लावा." ट्रकचा कॅमेरा जाड लोखंडी डबीत असतो आणि त्याच्यावर छोटा छज्जा असतो, त्यामुळे ऊन थेट काचेवर पडत नाही. त्याची वायर चार पिनांच्या, आटे फिरवून घट्ट बसणाऱ्या जोडाची असते. धक्क्यांनी सुटत नाही. सात इंची पडद्यासह असा सेट तीन ते पाच हजारांत येतो.

घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, गाडी १२ व्होल्टची की २४ व्होल्टची? ४०७ आणि पिकअप १२ च्या, मोठे ट्रक २४ चे. फक्त १२ चा पडदा २४ वर जोडला तर धूर निघेल. दोन्ही चालतील असा लिहिलेला सेट घेतलेला बरा. दुसरी, कॅमेरा एएचडी असेल तर पडदाही एएचडी घेणारा हवा. साध्या पडद्यावर त्याचे चित्र येत नाही आणि गिऱ्हाईक कॅमेरा खराब म्हणून परत करायला धावते. तिसरी, कोन. दुकानदार १७० अंशांचा कॅमेरा मोठ्या अभिमानाने दाखवतात. पण कोन जितका रुंद तितकी वस्तू लहान आणि लांब भासते. पाच फुटांवरचा माणूस दहा फुटांवर वाटला तर त्या कॅमेऱ्याचा काय उपयोग? उंचावर बसवणार असाल तर १२० ते १३० अंश भरपूर झाले.

बिनवायरचा कॅमेराही मिळतो. मेहनत वाचते म्हणून आमचा जीव त्यात अडकला होता. मिस्त्रीने नको म्हटले. पत्र्याच्या बंद पेटीतून लहरी नीट जात नाहीत आणि बाजारात पन्नास मोबाइल सुरू असताना चित्र अडखळले तर ते नेमके नको त्या क्षणी अडखळेल.

बसवण्याची जागा म्हणजे मागच्या दाराच्या वर, बरोबर मध्यभागी. तोंड इतके खाली झुकवावे की पडद्याच्या खालच्या कडेला आपलाच बंपर दिसेल. बंपर दिसला तरच अंतर कळते. भोक पाडल्यावर पत्र्याच्या कडेला रंग लावावा, रबरी ग्रोमेट घालावा, मग सिलिकॉन भरावे. रबर नसेल तर पत्रा वायरचे आवरण हळूहळू कापतो. वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथून गळून जाते. गाडी सतरा-अठरा फुटांची असली तरी वळणे धरून दहा मीटर वायर घ्यावी. आम्ही ती बॉडीच्या आत छताकडेने पट्टीतून नेली. खालून नेली तर सायलेन्सरची उष्णता आणि चिखल आहेच. ज्यांच्या गाडीची केबिन पुढे उचलते त्यांनी तेथे ढिली वायर सोडावी, नाहीतर पहिल्याच दुरुस्तीत ती तुटेल.

पडद्याला वीज चावीच्या लाइनवरून घ्यावी आणि मध्ये दोन अँपियरचा फ्यूज घालावा. पडद्याची एक बारीक तार मागच्या रिव्हर्स दिव्याच्या वायरला जोडतात, म्हणजे रिव्हर्स टाकताच चित्र आपोआप येते. जोड पिळून चिकटपट्टी गुंडाळू नये. डाग देऊन वर आवरणनळी चढवावी. नागपूरच्या उन्हाळ्यात चिकटपट्टीचा गोंद वितळतो. डॅशबोर्डवर चिकटवलेला पडदाही मे महिन्यात खाली येतो, म्हणून तो स्क्रूनेच बसवावा.

चित्र आरशासारखे उलटे आहे ना, हेही तपासावे. सरळ चित्र असेल तर उजवीकडचा माणूस डावीकडे दिसतो आणि चालक वाचवायला जाऊन त्याच्यावरच जातो. काही कॅमेऱ्यांत यासाठी बारीक तारेचा एक फास असतो. तो कापला की चित्र बदलते. आमचे एक बुजुर्ग शेजारी पडद्यावरची माणसे पाहून विचारते झाले, "हे तस्वीर काढणे नाही का?" आम्ही म्हटले, "हजरत, यात काही साठत नाही. हा आरसाच आहे, फक्त लांब टांगलेला." त्यांनी मग स्वतः गाडीमागे उभे राहून दाढीवरून हात फिरवून पाहिला.

पडद्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा येतात. त्यांवर पहिल्या दिवशी विश्वास ठेवू नये. आम्ही आमडी फाट्याजवळच्या मोकळ्या जागेत गाडी उभी करून मागे एक, दोन आणि तीन मीटरवर विटा ठेवल्या. लाल रेघ एका मीटरची असेल असे वाटत होते, ती दीड मीटरला लागली. कॅमेरा थोडा आणखी झुकवला तेव्हा जमले. हीच तपासणी रात्रीही केली, कारण आम्ही बाजारात पोहोचतो ते अंधारात.

कॅमेऱ्याला वरचे दिसत नाही. दुकानांच्या पालांच्या दोऱ्या आणि झाडांच्या फांद्या बॉडीच्या माथ्याला लागतात, ते त्याच्या नजरेबाहेर. पुढचे चाक वळताना बाजूला काय आले तेही नाही. म्हणून नोकराला आम्ही मागून काढलेले नाही, फक्त आता तो एका कोपऱ्यावर, पडद्यावर दिसेल असा उभा राहतो. तो पडद्यावर दिसेनासा झाला तर पुतण्याने ब्रेक लावायचा, असे ठरले आहे. पुतण्याही पुन्हा गाडी चालवू लागला आहे. रिव्हर्स टाकल्यावर चित्र येईपर्यंत तो क्लच सोडत नाही. ती भाजीवाली आता आमच्या गाडीपासून चार पाल दूर बसते, आणि तिच्याकडूनच आम्ही वांगी-टमाटर घेतो.

बाजार उठल्यावर कॅमेऱ्याची काच ओल्या फडक्याने पुसावी लागते, धुळीच्या दिवसांत दोनदा. फडक्यांची आमच्याकडे कमी नाही.