टिंब वर की खाली?

मुलीनं बारावीनंतर संगीताच्या पदवीला जायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरात दोन भाषांत वाद झाला. माझ्या भावानं मराठीत विचारलं, "कॉमर्सला प्रवेश मिळतोय ना, मग हे काय मध्येच?" सासूबाईंनी त्यांच्या धारवाडी कानडीत विचारलं, "हाडु कल्त्र होट्टी तुंबतदेनु?" गाणं शिकून पोट भरतं का? यांनी पेपरात डोकं घातलं. दोन्ही प्रश्न खरे होते आणि माझ्याजवळ एकाचंही उत्तर नव्हतं. मी स्वतः गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिलेल्या. पुढे लग्न ठरलं, तंबोऱ्यावर गवसणी चढली ती चढलीच.

शेवटी मुलगी धारवाडला गेली आणि दिवाळीच्या सुट्टीत रडवेली होऊन परतली. "आई, मला काहीच येत नाही. मी कॉमर्सलाच जाते." गणेशोत्सवातली बक्षिसं मिळवणारी ही पोर! वही पाहिली, तर पानभर लाल खुणा. घोटाळा एका टिंबाचा होता.

वाचकहो, आपल्याकडे स्वर लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं की तो मंद्र सप्तकातला, म्हणजे खालचा. विष्णु नारायण भातखंड्यांच्या पद्धतीत तेच टिंब डोक्यावर आलं की स्वर तार सप्तकातला, वरचा. मंद्राचं टिंब स्वराच्या पायाशी. मी लेकीला शिकवलं माझ्या जुन्या गुरुजींच्या वहीतून, पलुस्करी पद्धतीनं. वर्गात चाले भातखंडे पद्धत. पोरीनं खालचे स्वर वर आणि वरचे खाली लिहिले होते. चूक माझीच. तिला निदान एवढं सांगून ठेवायला हवं होतं.

त्या रात्री आम्ही दोघी वह्या घेऊन बसलो. पहिल्या वर्षाचा अभ्यास पाहताना मलाच नवल वाटत गेलं. बावीस श्रुती, बारा स्वर, दहा थाट, त्रितालाच्या सोळा मात्रा आणि चार विभाग हे मीही घोकलं होतं. पण हे असं का, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

मग तिनं खोलीतल्या मैत्रिणीची गोष्ट सांगितली. ती मुलगी म्हैसूरकडची, लहानपणी कर्नाटक संगीत शिकलेली. तिकडे अगदी पहिले धडे मायामाळवगौळ रागात असतात; ती घडी पुरंदरदासांनी घालून दिली असं मानतात. एका पहाटे ती ते धडे म्हणत होती आणि आमची अंथरुणातच उठून बसली. स्वर तर आपल्या भैरवाचे! "आई, त्यांचा मोहनम् म्हणजे आपल्या भूपाचे स्वर, कल्याणी म्हणजे यमनाचे. त्यांचे बहात्तर मेळ, आपले दहा थाट." हे सांगताना तिचं रडणं कधी थांबलं ते तिलाही कळलं नाही.

मला तेव्हा उमगलं की विद्यापीठाचं पहिलं वर्ष कुणाला गवई करत नाही. गळा तयार होतो तो गुरूसमोर आणि रियाजात. सवाई गंधर्वांकडे शिकायला गंगूबाई हनगल हुबळीहून कुंदगोळला रेल्वेनं जायच्या, ते कष्ट कुठल्याही अभ्यासक्रमानं चुकत नाहीत. पण आपण काय गातो ते कळणं, दुसऱ्याचं गाणं कान देऊन ऐकणं आणि आपल्याला किती येत नाही हे न घाबरता पाहणं, एवढं पहिल्या वर्षात जमलं तरी फी वसूल झाली म्हणायची. म्हणून मुलांना तिकडे पाठवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: बक्षिसांची फाइल घरी ठेवा, आणि पहिले काही महिने पोरं रडली तर लगेच परत बोलावू नका.

पोटाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पुढे शिक्षिका व्हावं, शिकवण्या घ्याव्यात, की आणखी काही शिकावं, हे तिचं तिलाच ठरवायचंय. भाऊ अजून कॉमर्सचं नाव काढतो.

सुट्टी संपायच्या आदल्या पहाटे ती खर्ज लावून बसली होती. सासूबाई देवघरातून उठल्या. मला वाटलं, आता बोलणार. त्या माळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते तुझं वाद्य काढ की खाली. पोरगी सुकीच गातेय."

तारा गंजल्या होत्या. चारही नव्या घातल्या, आणि कितीतरी वर्षांनी मी षड्ज लावला.